गुंडी, तेरा रात्री आणि मागचा बंगला

आमची मांजर गुंडी सापडून आता दोन महिने होतील. त्या दिवसांत मी रात्री दोन-दोन वाजता मोबाइलवर ‘मांजर हरवली तर काय करावं’ असं मराठीत शोधत बसायचे आणि निम्म्या वेळा ‘मांजर आडवी गेली तर काय होतं’ हेच पुढ्यात यायचं. आत्ता कुणी असंच शोधत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं काय काय चुकलं तेही लिहितेय, कारण चुकलंच जास्त.

पुण्यात डहाणूकर कॉलनीतली आमची अडतीस वर्षांची इमारत पुनर्विकासाला गेली. ३१ मे २०२५ला, शनिवारी, आम्ही जागा रिकामी करून कर्वेनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दुसरा मजला, जुन्या घरापासून जेमतेम दोन किलोमीटर. मी, नवरा, सासूबाई, यंदा सहावीत गेलेला मुलगा आणि गुंडी. गुंडी सहा वर्षांची, करड्या पट्ट्यांची, छाती आणि पुढचे पंजे पांढरे. लहानपणी शर्टाच्या गुंड्या चावून तोडायची, म्हणून हे नाव. डॉक्टरकडे जायचं सोडलं तर ती कधी घराबाहेर पडलेली नव्हती. जुन्या घरी गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी होती. नव्या घरी जाळीवाला मंगळवारी येणार होता.

सोमवारी, २ जूनला, दुपारी इंटरनेटची जोडणी करायला दोघं आले. वायर जिन्यातून आत ओढायची म्हणून दार सताड उघडं. गुंडीला मी आतल्या खोलीत कोंडलं होतं, पण मुलगा कसलंसं खोकं आणायला आत गेला आणि बाहेर येताना कडी नीट लागली नाही. हे मला तीन दिवसांनी कळलं. तोवर तो ते एकटाच मनात धरून बसला होता, जेवत नव्हता, आणि आम्हाला वाटत होतं की मांजर गेली म्हणून जेवत नाही. साडेसहाला मी तिचं खाणं घेऊन गेले तर खोली रिकामी.

पहिला तास घरातच गेला. खोक्यांच्या मागे, वॉशिंग मशीनखाली, माळ्यावर, गाद्यांच्या वळकटीत. मग जिना, गच्ची, पार्किंग. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघं तीन दिशांना ‘गुंडीऽ गुंडीऽ’ करत फिरलो. समोरच्या सोसायटीचे वॉचमन काका आपणहून टॉर्च घेऊन आले आणि चांगली वीस मिनिटं माझ्याबरोबर खाली वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ताई, सोन्याची होती का?” त्यांना वाटलं, सदऱ्याची गुंडी पडलीय. त्या रात्री हसू आलं ते तेवढंच.

ते ओरडणंही चुकलंच. घाबरलेली मांजर अनोळखी जागी मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. अंग चोरून, आवाज न करता बसून राहते, आणि आपण जितका गोंगाट करू तितकी आणखी आत सरकते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, “अगं, मांजर घराला धरून असते, माणसाला नव्हे. ती गेली असणार डहाणूकरला.” साताऱ्याहून आईचा फोन आला, ती तेच म्हणाली. दूधवाले म्हणाले, ऑफिसात तिघी म्हणाल्या. प्रत्येकाकडे एकेक गोष्ट होती: पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेलं मांजर आठव्या दिवशी चुलीपाशी हजर. इतके लोक म्हणतात म्हणजे असणारच असं वाटलं. खरं तर गुंडीनं नव्या घराचा रस्ता फक्त टेम्पोत, झाकलेल्या टोपलीतून पाहिला होता, म्हणजे पाहिलाच नव्हता. पण त्या वेळी डोकं कुठलं चालतंय.

मंगळवारी, ३ जूनला, आधी पोलीस चौकीत गेले. तक्रार घेतील की नाही याची खात्री नव्हती. टेबलावरच्या हवालदारांनी विचारलं, “चोरीला गेली की पळाली?” पळाली म्हटलं. “मग गुन्हा कुणावर घेऊ?” त्यांचं बरोबरच होतं. मग त्यांनीच सांगितलं, साध्या कागदावर हरवल्याचा अर्ज दोन प्रतींत द्या. वर्णन, फोटो, तारीख, वेळ, आणि मांजर तुमची आहे असं काही असेल तर त्याची झेरॉक्स. माझ्याकडे फक्त लसीकरणाचं कार्ड होतं, त्यावर डॉक्टरांचा शिक्का आणि ‘गुंडी, मादी’ एवढंच. चाललं. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घालून पोच मिळाली. सगळं धरून दोन तास गेले, पैसे काही नाहीत. ती पोच करून ठेवा असं मी सांगेन. मांजर मिळवायला तिचा उपयोग झाला नाही, पण पुढे दोन सोसायट्यांच्या वॉचमननी आत सोडायच्या आधी “काही कागद आहे का” विचारलं तेव्हा तोच कागद कामाला आला.

मग पोस्टर. दीडशे साध्या प्रती तीनशे रुपयांत आणि वीस रंगीत, त्याही तीनशेतच. संध्याकाळी मी आणि मुलगा चिकटपट्टी घेऊन विजेच्या खांबांवर लावत सुटलो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाचे एक कर्मचारी गाडी थांबवून म्हणाले, “मॅडम, खांबावर, भिंतीवर नाही लावता येत.” महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा आहे, तो मांजरालाही लागतो. दंड केला नाही, काढायला लावली. पण त्यामुळे फायदाच झाला. पोस्टरं दुकानांत गेली: किराणा, डेअरी, मेडिकल, वडापावची गाडी. सगळ्यांत उपयोगी इस्त्रीवाले. दिवसभर एकाच जागी उभे, नजर रस्त्यावर, आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्यांच्याकडे येतंच.

पोस्टरबद्दल दोन गोष्टी सांगते. ‘दिसल्यास पकडू नका, मागे धावू नका, फोटो काढून लगेच फोन करा’ ही ओळ मी नंतर पेनानं वाढवली, ही एक. दुसरी म्हणजे मुद्दाम न लिहिलेली गोष्ट. गुंडीच्या डाव्या मागच्या पायाच्या गाद्या सगळ्या काळ्या आहेत, एक सोडून. कडेची एकच गादी गुलाबी, जणू तिथं रंग द्यायचा राहून गेला. ही खूण पोस्टरवर टाकली नाही. चौथ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला की मांजर त्यांच्याकडे आहे, गाडीभाड्याचे पाचशे आधी पाठवा, क्यूआर कोड पाठवतो. मी म्हटलं, मागच्या पायाचा तळवा व्हिडिओवर दाखवा. फोन ठेवला त्यांनी. असे दोन आले. बाकी एकवीस फोन मात्र मनापासून केलेले होते. त्यात एक आजोबा रोज सकाळी नुसतं ‘आज काय बातमी’ विचारायला फोन करत.

३, ४ आणि ५ जून या तीन रात्री आम्ही जुन्या इमारतीपाशी काढल्या. पत्रे ठोकून झाले होते. बिल्डरच्या सुपरवायझरनी आत सोडलं, पण इमारतीत शिरायचं नाही, फक्त आवारात, या अटीवर. मी घरून सुकट भाजून डब्यात नेत असे, नवरा घडीची खुर्ची. रात्री दहा ते एक. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला होता, त्यामुळे आवारात चिखल, वर छत्री, मांडीवर सुकटीचा डबा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट कुणीतरी काढून नेली होती आणि आतला ओटा रस्त्यावरच्या दिव्यात दिसत होता, कपाटाच्या जागचा पिवळा चौकोन दिसत होता. आवारातली जुनी भाटी आपली तीन पिल्लं घेऊन आली, सुकट खाऊन गेली. गुंडी नाही. तिसऱ्या रात्री नवरा म्हणाला, “आपण मांजर शोधतोय ना?” मी उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी, ६ जूनला, पोस्टर बघून एका बाईंचा फोन आला. त्या गेली कित्येक वर्षं आमच्या भागातल्या रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालतात आणि नसबंदीसाठी पकडून नेतात. नाव त्यांना नको आहे, मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “किती मीटरवर शोधलंत?”

“दोन किलोमीटरवर. जुन्या घरापाशी.”

“मी मीटर विचारले.”

मग त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१८ साली ‘ॲनिमल्स’ नावाच्या नियतकालिकात आलेला. हरवलेल्या मांजरांच्या १,२१० मालकांकडून माहिती घेतली होती. वर्षभरात साधारण ६१ टक्के मांजरं सापडली, एक तृतीयांश तर पहिल्या सात दिवसांत. आणि सापडलेल्यांपैकी पाऊण हिस्सा मांजरं जिथून निसटली तिथून पाचशे मीटरच्या आत होती. नव्वद दिवसांनंतर फारच थोडी सापडली. स्वतः फिरून, वाकून, डोळ्यांनी शोधणं यानं फरक पडतो, हेही त्यात होतं. मी आकडे ऐकले आणि पोटात गोळा आला. पहिल्या सात दिवसांतले तीन आम्ही दोन किलोमीटरवर घालवले होते.

ताई म्हणाल्या, घरात वाढलेली मांजर बाहेर पडली की पहिल्या आडोशाला शिरते आणि तिथंच बसते. ती हरवलेली नसते, लपलेली असते. सोसायटीचा कॅमेरा बघा.

कॅमेऱ्याची गंमत अशी की तो बघायला सेक्रेटरींची परवानगी लागते, आणि आम्ही भाडेकरू. मंगळवारीच विचारलं होतं, तर “घरमालकांकडून अर्ज येऊ द्या” असं उत्तर होतं. घरमालक बंगळुरूला. त्यांनी शुक्रवारी रात्री ईमेल केला, शनिवारी ७ जूनला संध्याकाळी सात ते आठ सोसायटीचं ऑफिस उघडतं तेव्हा मी हजर. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचंच राहतं, त्यामुळे कुणावर ही वेळ आली तर अर्ज पहिल्याच दिवशी टाका, तोंडी विचारू नका. आम्ही चार वाजल्यापासून बघायला लागलो. इंटरनेटवाले येताना दिसेचनात. अर्ध्या तासानं लक्षात आलं, रेकॉर्डिंग करणाऱ्या त्या यंत्राचं, डीव्हीआरचं, घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं. मग दिसलं. चार वाजून बावन्न, म्हणजे खरे चार बारा. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक करडा ठिपका, पोट जमिनीला टेकवून. तीन सेकंद थांबला, आणि गेटकडे न जाता उजवीकडे, मागच्या भिंतीच्या बाजूला गेला. गेटवरच्या कॅमेऱ्यात पुढचे चार तास मांजर नाही.

म्हणजे ती रस्त्यावर गेलीच नव्हती.

रविवारी, ८ जूनला, आम्ही पद्धत बदलली. कागदावर आमच्या इमारतीभोवती पन्नास मीटरचा गोल काढला आणि त्यातलं एकेक घर घेतलं. ‘मांजर दिसली तर सांगा’ असं म्हटलं की लोक हो म्हणतात आणि विसरतात. ‘तुमच्या जिन्याखाली, गाडीखाली, पंपाच्या खोलीत आम्ही स्वतः दोन मिनिटं बघू का’ असं विचारावं लागतं. बहुतेकांनी बघू दिलं. टॉर्च हातात खाली न धरता डोळ्याच्या रेषेत, गालाशी धरायचा. म्हणजे अंधारात बसलेल्या जनावराचे डोळे चमकून आपल्याला दिसतात. हे ताईंनी शिकवलं. दोन दिवसांत आम्हाला तीन वेगळी मांजरं, एक धामण आणि शेजारच्यांचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला क्रिकेटचा चेंडू मिळाला.

घराबाहेर तिची मातीची पेटी ठेवा, वास घेत येईल, असाही सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. ठेवली. रात्री दोन बोके येऊन तिच्यावरून भांडून गेले. काढून टाकली. सुकट मात्र मी रोज रात्री दहाला पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात ठेवत होते, त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर ‘मांसाहारी वासाबद्दल’ असा एक लांबलचक मेसेज आला. मी काही लिहिलं नाही. सासूबाई, ज्या स्वतः आयुष्यात मासळी शिवल्या नाहीत आणि गुंडीला ‘ही भवानी’ म्हणतात, त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि बोलून मेसेज पाठवला: “आमचं लेकरू हरवलंय. आठ दिवस नाकाला पदर लावा.” त्यानंतर कुणी काही म्हणालं नाही.

सोमवारी सकाळी मी आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या चौकीवर, गेले. हे लिहायला नको वाटतं, पण ज्यांना करावं लागेल त्यांना माहीत असावं. रस्त्यावर मेलेली जनावरं महापालिकेची माणसं उचलतात, आणि आपल्या भागात काय उचललं हे मुकादमाला ठाऊक असतं. मी फोटो दाखवला. मुकादमांनी दोन जणांना हाक मारून विचारलं, एकाला फोन लावला. “करडं नाही. एक काळं होतं, बुधवारी.” मग मला बसायला सांगून पाणी दिलं. तिथून बाहेर पडल्यावर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले, आणि ते रडणं सुटकेचं होतं, याचीही लाज वाटली. ते काळं मांजर कुणाचं तरी असेल.

मंगळवारी वटपौर्णिमा. देवळामागच्या वडाला सकाळपासून रांग. मी फेऱ्या मारल्या आणि पोस्टरंही वाटली. बुधवारी वारज्याहून फोन आला, फोटोही आला, अगदी तशीच. रिक्षानं गेलो. पंजे करडे. त्या घरी चहा घेऊन परत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मुलानं विचारलं, “आई, किती दिवस शोधायचं असतं?”

गुरुवारी, १२ जूनला, सकाळी कचरा घ्यायला आलेल्या ‘स्वच्छ’च्या मावशी दारात थांबल्या. पोस्टर त्यांनी आठवडाभर रोज पाहिलं होतं. म्हणाल्या, “मागच्या बंद बंगल्याच्या गेटात पिशवी ठेवताना काल आतून गुरगुर आली. कुत्रं नव्हतं ते. जिन्याखालून.” तो बंगला आमच्या मागच्या भिंतीला लागून. आम्ही पन्नास मीटरच्या गोलात त्याच्यावर फुली मारली होती, ‘कुलूप’ असं लिहून. कुलूप लावलेलं घर माणसांसाठी बंद असतं, मांजराला त्याचं काय?

मालकीण काकू अमेरिकेत, न्यू जर्सीला, मुलाकडे. नंबर इस्त्रीवाल्यांनी मिळवून दिला. रात्री साडेनऊला फोन केला, तिकडे दुपारचे बारा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, “चावायची नाही ना?” आणि मग देखभाल करणाऱ्या माणसाला मेसेज केला. मी त्यांना लेखी परवानगीचा मेसेजही मागितला, कारण दुसऱ्याच्या बंद घरात रात्री टॉर्च घेऊन शिरायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी गेट उघडलं. मागच्या बाजूला गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना, त्याच्याखाली जुना कूलर, तांब्याचा बंब, पत्र्याचे दोन डबे, आणि भिंतीकडच्या फटीत अंधार. मी जमिनीवर आडवी झाले, टॉर्च गालाशी धरला. बंबाच्या मागे दोन हिरवे ठिपके चमकले. मिटले. पुन्हा चमकले.

मी हळू आवाजात नाव घेतलं. ती माझ्यावर गुरगुरली.

ताई फोनवर म्हणाल्या, हात घालू नका, बंबही हलवू नका, पळाली तर या वेळी खरंच जाईल. त्या दोन तासांत पिंजरा घेऊन आल्या. नसबंदीच्या मांजरांसाठी वापरतात तो, आत पायपट्टी असते, पाय पडला की दार पडतं. दोन हजार अनामत, परत मिळाली. आत वर्तमानपत्र, पायपट्टीच्या पलीकडे सुकट आणि तिच्या नेहमीच्या खाण्याची पुडी, वरून जुनी चादर, समोरची बाजू उघडी. लांब बसायचं आणि दर अर्ध्या तासानं दुरून बघायचं. रात्री एकला खट् वाजलं. मी धावले, चादर उचलली, करडी पाठ दिसली आणि मी, अकरा दिवसांत शिकलेलं सगळं विसरून, दार वर करून हात आत घातला.

तो बोका होता. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेला, ताईंच्याच ओळखीचा. मनगटावर तीन ओरखडे काढून तो भिंतीवरून गेला. मागून ताई एवढंच म्हणाल्या, “कान बघायचा असतो आधी.”

ओरखडा साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतला आणि शनिवारी सकाळी महापालिकेच्या रुग्णालयात गेले. मांजराच्या ओरखड्यालाही रेबीजची लस घ्यावी लागते, आणि रस्त्यावरच्या मांजराच्या बाबतीत चालढकल करायचीच नाही. रक्त आलं होतं म्हणून तिसरी श्रेणी. म्हणजे लस आणि शिवाय जखमेभोवती वेगळं इंजेक्शन. ते इंजेक्शन तिथं नव्हतं, दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी दिली. तिथं रांग, केसपेपर, पुन्हा रांग. दोन्ही दंडांत लस, मनगटाला ते इंजेक्शन (दुखतं, खोटं कशाला सांगू) आणि धनुर्वाताचंही. पुढच्या तारखा कार्डावर: १७ जून, २१ जून, १२ जुलै. केसपेपरचे किरकोळ पैसे सोडले तर सगळं मोफत. साडेआठला निघालेली मी दीडला घरी आले.

शनिवारची रात्र तेरावी. सासूबाईंनी आकडा उच्चारला नाही, पण संध्याकाळी दिवा लावताना जरा जास्त वेळ उभ्या होत्या. पिंजरा या वेळी बंबाच्या आणखी जवळ, जिन्याखालीच लावला. बोका येऊन गेला, पण भिंतीवरून उतरला नाही. पाऊस भुरभुर. तीनपर्यंत मी बसले, मग नवरा बसला. ३ वाजून ४० मिनिटांनी त्यानं मला फोन केला आणि काहीच बोलला नाही. फोनमधून मला एक लांब, घोगरा, रागावलेला आवाज ऐकू आला, जो ती फक्त डॉक्टरकडे जाताना काढते.

या वेळी मी आधी कान बघितला. मग पिंजरा न उघडता तसाच वर आणला, बाथरूममध्ये नेला, बाथरूमचं दार आतून लावलं, खिडकी बंद आहे ना ते दोनदा बघितलं, आणि मग दार उघडलं. ती बाहेर आली नाही. वीस मिनिटांनी आली, बादलीच्या मागे जाऊन बसली आणि मागचा डावा पाय चाटायला लागली. गुलाबी गादी. मुलगा दाराच्या फटीतून बघत होता.

खूप खायला घालू नका. हे मला डॉक्टरांनी पहाटेच फोनवर सांगितलं म्हणून बरं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि एकदम पोटभर दिलं तरी त्रास होतो. थोडं थोडं, दर काही तासांनी. रविवारी दहाला दवाखाना. वजन ४ किलो २०० ग्रॅमवरून ३ किलो १००. शरीरात पाणी कमी, एक दात तुटलेला, अंगावर पिसवा. रक्ततपासणी अठराशे, सलाइन आणि तपासणीची फी मिळून नऊशे, तीन दिवस रोज जायचं. यकृताचे आकडे वाढले होते, पण डॉक्टर म्हणाले, खातेय ना, मग निघेल यातून. जिन्याखाली पन्हाळीतून पावसाचं पाणी ठिबकत होतं, त्यावर ती टिकली असणार. पाऊस लवकर आला नसता तर काय, हा विचार मी पुढे नेत नाही.

सोमवारी १६ जूनला शाळा सुरू झाली. मुलगा पहिल्याच दिवशी उशिरा गेला.

त्यानंतरची कामं कंटाळवाणी होती, पण केली. जाळी बसवली, खिडक्या-गॅलरी मिळून साडेसहा हजार. मायक्रोचिप घातली, बाराशे रुपये. तांदळाएवढी असते, मानेमागे कातडीखाली सुईनं घालतात, त्यात पंधरा आकडी क्रमांक. लोकांना वाटतं त्यावर मांजर कुठंय ते मोबाइलवर दिसतं. तसं नाही, कुणी दवाखान्यात नेऊन स्कॅनर फिरवला तरच क्रमांक कळतो. पुणे महापालिकेनं २०२२मध्ये कुत्र्यांसारखी मांजरांचीही नोंदणी ठरवली, ती आम्ही कधी केलीच नव्हती. आता केली. रेबीज लसीचं प्रमाणपत्र, मांजराचा फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वीजबिल घरमालकांच्या नावावर असल्यामुळे मी भाडेकरार जोडला. तिसरी लस २१ जूनला होती, पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या त्या दिवशी, त्यामुळे सकाळी सातलाच बाहेर पडले.

‘स्वच्छ’च्या मावशींना पोस्टरवर लिहिलेलं ‘योग्य बक्षीस’ द्यायला गेले, तर त्या पैसे घेईनात. शेवटी त्यांच्या नातीच्या वह्या-पुस्तकांच्या नावानं घेतले. न्यू जर्सीच्या काकूंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘बंब जपून ठेवा गं, सासूबाईंचा आहे.’

पोस्टरं लावायला लागले त्याहून जास्त दिवस ती काढायला लागले. इस्त्रीवाल्यांनी काढू दिलं नाही, त्यावर पेनानं ‘सापडली’ लिहून तसंच ठेवलंय. एखाद-दुसरं कुठंतरी राहिलंही असणार, कारण परवा रात्री पुन्हा फोन आला. एक मुलगा होता. “काकू, तुमची मांजर आमच्या गॅलरीत बसलीय.” मी मान वळवली. गुंडी फ्रिजवर, शेपूट खाली सोडून. त्याला म्हटलं, फोटो पाठव बरं. फोटो आला. करडी पाठ, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. मी त्याला लिहिलं, ही आमची नाही, पण ओळखीची आहे. हात लावू नकोस, एक वाटी पाणी ठेव.